खडपावरच्या पट्ट्या कोण आखतं?

उधाणाच्या दिवशी पूर्ण सुकती (म्हणजे ओहोटी) झाली की हर्णे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, नाहीतर मुंबईत वांद्र्याचं बँडस्टँड, यांपैकी कुठल्याही खडपाकडे, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळाकडे, बाजूने नीट बघा. सगळ्यात वर कोरडा, काळपट कातळ. त्याच्याखाली खरखरीत पांढुरका थर. मग कालवांचा राखाडी पट्टा. त्याखाली हिरवं-तपकिरी शेवाळ, आणि अगदी पाण्याच्या कडेला मऊ, ओली, रंगीत वस्ती. समुद्रातल्या किल्ल्याचा तट घ्या, जेटीचा खांब घ्या, नाहीतर सुटा धोंडा घ्या. क्रम साधारण हाच असतो, आणि एका जागच्या खडकांवर एकेका पट्टीची पातळीही जवळपास सारखी असते.

फिरायला आलेल्या माणसाला हा खडक रिकामा वाटतो. ‘इथे काय आहे बघण्यासारखं, दगडच तर आहेत’ हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय. वरच्या कोरड्या टोकापासून पाण्यापर्यंतच्या चार-पाच मीटर उंचीत राहणीमान इतकं बदलतं, की तेवढा बदल बघायला जमिनीवर मैलोन्‌मैल चालावं लागेल. त्यातली प्रत्येक पट्टी जिवंत आहे. प्रत्येकीला वरची एक हद्द आहे आणि खालची एक. वरची हद्द बहुतेक वेळा ऊन ठरवतं आणि खालची हद्द शेजारी ठरवतात. हे एकदा कळलं की खडप वाचता येतं, म्हणून आज तेवढंच समजावून सांगायचा प्रयत्न करतो.

सुरुवात भरती-ओहोटीपासून करायला हवी. समुद्राच्या पाण्याला मुख्यतः चंद्र ओढतो. सूर्यही ओढतो, पण भरतीवरचा त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, ओढ एकवटते, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खालीही उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा पाणी ना फार चढतं ना फार उतरतं. हा भांग. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते.

कोकणात पूर्ण भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. जागेप्रमाणे थोडाफार फरक पडतो, पण हिशेब पक्क्या पायावर उभा आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, तिथी दिवसापेक्षा जराशी लहान असते, म्हणून तिथीमागे भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते.

आता हाच हिशेब खडकावरच्या जिवाच्या बाजूने करून बघा. उधाणाची भरती आपल्याकडे दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे उधाणाची सुकती पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी. अगदी खालचा खडक उघडा पडतो तो फक्त उधाणाला, आणि तोही कोवळ्या नाहीतर उतरत्या उन्हात. भर दुपारचं ऊन त्याला जवळजवळ कधीच सोसावं लागत नाही. भांगाच्या दिवसांत सुकती दुपारी बाराच्या सुमाराला येते खरी, पण पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे भाजून निघतो तो मधला आणि वरचा पट्टा. सगळ्यात वरच्या कातळाची कथा आणखी वेगळी. तिथे भांगाचं पाणी पोचतच नाही, आणि लाटांचे तुषार सोडले तर तो सलग कित्येक दिवस कोरडा राहतो.

हे वेळापत्रक जगात सगळीकडे असं नाही. इंग्लंडमध्ये प्लिमथला उधाणाची सुकती दुपारच्या सुमाराला येते. तिथलं ऊन सौम्य असल्यामुळे ते निभावतं. आपल्या मे महिन्यात तसं झालं असतं, तर खालच्या पट्ट्यातली मऊ वस्ती टिकली असती असं मला वाटत नाही. पंचांगातल्या तिथीवर खडकावरच्या जिवाचं मरण-जगणं असं टांगलेलं आहे.

पट्ट्यांची रुंदीही पाण्याच्या चढ-उतारावर ठरते. मुंबईत पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांना पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. दक्षिणेकडे जावं तसा हा फरक कमी होतो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास येतो. म्हणून मुंबईच्या खडकावर पट्ट्या ऐसपैस दिसतात आणि वेंगुर्ल्याकडे त्या दाटीवाटीने बसलेल्या असतात.

सगळ्यात वरच्या कातळाच्या भेगांमध्ये नखापेक्षाही लहान, राखाडी-तपकिरी गोगलगाई दिसतात. कोणी मुद्दाम भेगेत भरून ठेवल्यासारख्या दाटीने बसलेल्या. उत्तर कोकणातला हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी तळपाय टेकवत नाही. या गोगलगाई समुद्री आहेत, कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या, आणि त्यांचा मुक्काम मात्र तव्यावर. हे जमतं कसं? ऊन चढायला लागलं की गोगलगाय पाय आत ओढते आणि शंखाच्या तोंडावरचं गोल झाकण घट्ट लावून घेते. त्याआधी शंखाची कड चिकट स्रावाच्या एका थेंबाने कातळाला डकवून ठेवते. स्राव वाळला की अख्खं शरीर त्या टिकलीएवढ्या जागेवर लटकून राहतं. तापलेल्या दगडाशी संबंध जितका कमी, तितकी उष्णता कमी चढते. काही जाती तर शंख कडेवर उभा करून ठेवतात, म्हणजे खालून दगडाची धग आणि वरून ऊन, दोन्ही कमी लागतात. रात्री दव पडलं किंवा तुषार आले की त्या बाहेर येऊन कातळावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडून खातात. यांच्या वर राहायला दुसरं कोणी जवळजवळ तयारच नसतं.

त्यांच्याखालचा पांढुरका खरखरीत थर म्हणजे बार्नेकल. खडपात अनवाणी उतरल्यावर तळपायाला आधी ओरखडे काढतात ते हेच. चुन्याच्या पात्यांचा छोटासा शंकू, वरच्या तोंडाला झडप. दिसायला शिंपल्यांचा भाऊबंद, आणि शास्त्रज्ञही बराच काळ तसंच समजत होते. १८३० मध्ये जॉन व्हॉन टॉम्पसन यांनी त्याच्या पिल्लांचं निरीक्षण करून दाखवून दिलं की हा प्राणी कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला आहे. पुढे चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नेकलच्या अभ्यासात घातली.

बार्नेकलचं पिल्लू सुरुवातीला पाण्यात तरंगत, पोहत असतं. शेवटच्या अवस्थेत ते खाणं थांबवतं, आणि मग त्याच्यापुढे एकच काम उरतं: जागा निवडणं. ते खडकावर उतरतं, मिश्यांवर चालत चालत पृष्ठभाग चाचपतं. आधीच्या बार्नेकलनी सोडलेल्या रसायनांचा माग लागला तर त्याला ती जागा जास्त पसंत पडते, कारण आपल्या जातीची मोठी झालेली मंडळी जिथे आहेत ती जागा जगण्यालायक असणार. जागा पटली की डोकं खाली करून ते स्वतःला सिमेंटसारख्या स्रावाने चिकटवतं, भोवती चुन्याची भिंत बांधतं आणि उरलेलं आयुष्य डोक्यावर उभं राहून पायांनी अन्न आत ओढत काढतं. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर पाण्याने भरलेल्या डबक्याच्या कडेला पाच मिनिटं स्वस्थ बसा आणि पाण्याखालच्या एखाद्या बार्नेकलवर नजर रोखा. झडप उघडते, पिसासारख्या पायांचा झुपका बाहेर येतो, पाण्यातून एक हात मारल्यासारखा फिरतो आणि आत जातो. पुन्हा बाहेर. सावली पडली की सगळं क्षणात बंद. एकदा चिकटल्यावर जागा बदलता येत नाही, म्हणून जोडीदारही हाताच्या अंतरावर असावा लागतो. शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीतलं सगळ्यात लांब शिश्न याच प्राण्याकडे असण्याचं कारण हेच.

जो हलू शकत नाही, त्याची हद्द कोण ठरवतं हे तपासणं सोपं असतं. जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडमधल्या कंब्रे बेटावर नेमकं हेच केलं. तिथे दोन जातींचे बार्नेकल आहेत. वरच्या पट्ट्यात लहान चणीचा थॅमॅलस, खालच्या पट्ट्यात मोठा सेमीबॅलॅनस. कॉनेल यांच्या लक्षात आलं की थॅमॅलसची पिल्लं खालच्या पट्ट्यातही येऊन चिकटतात, पण तिथे मोठी झालेली दिसत नाहीत. खालची जागा त्यांना सोसत नाही का? त्यांनी एकेका बार्नेकलच्या जागेची नोंद ठेवली आणि काही जागांवरून सेमीबॅलॅनस खरवडून काढला. तिथे थॅमॅलस खालीही मजेत वाढला. जिथे सेमीबॅलॅनस ठेवला होता तिथे तो भराभर वाढून थॅमॅलसच्या अंगावर चढला, त्याला खालून उचकटून काढलं किंवा बाजूने चेपून मारलं. उलट बाजूने पाहिलं, तर सेमीबॅलॅनसला वरच्या पट्ट्यात कोणी अडवत नव्हतं, पण तिथल्या कोरडेपणात तो टिकत नव्हता. १९६१ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि परिसंस्थांचा अभ्यास कसा करायचा याचा तो एक नमुना होऊन बसला.

थॅमॅलसला वरचा कोरडा कातळ फार आवडतो असं नाही. तो तिथे आहे कारण खालून त्याला हाकललं गेलंय आणि वर त्याच्याइतकं सोसणारा दुसरा कोणी नाही. आपल्या खडपातही वरच्या भागात थॅमॅलस वंशाचे बारीक बार्नेकल आणि खाली जाड कवचाचे मोठे बार्नेकल असा क्रम दिसतो.

बार्नेकलच्या खाली कालवं. हा पट्टा कोकणातल्या लोकांच्या सगळ्यात ओळखीचा, कारण तो ताटात येतो. कालवाची एक शिंप कातळाला कायमची जोडलेली असते, दुसरी झाकणासारखी उघडते. सुकतीला बायका लोखंडी हत्यार घेऊन खडपात बसतात, झाकण अचूक उचकटतात, आतला गर डब्यात टाकतात आणि पुढच्या कालवाकडे वळतात. खालची शिंप खडकावरच राहते. तिच्या वाटीत मग पाणी साठतं, सावली मिळते, आणि काही दिवसांत बारीक गोगलगाई, किडे, छोटे खेकडे तिथे बिऱ्हाड करतात. मेलेलं कालवही असं जागा देत राहतं. कालवांच्या थरामुळे गुळगुळीत कातळाला हजार खाचा-कोपरे मिळतात, आणि खडपात खाच म्हणजे सावली, ओल आणि लपायची सोय.

कालवांना खाणारे माणसाखेरीज आणखीही आहेत. जाड, गाठीगाठींच्या शंखाची एक शिकारी गोगलगाय कालवावर चढून बसते. तिची जीभ कानसीसारखी असते. आम्लधर्मी स्रावाने शिंप मऊ करायची, जिभेने घासायचं, पुन्हा स्राव, पुन्हा घासणं. या कामात तास नाही, कधीकधी दिवस जातो. शेवटी सुईने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि त्यातून आतला जीव खाल्ला जातो. रिकाम्या शिंपेवर असं भोक दिसलं तर ती शिकार कोणाची हे सांगता येतं.

शिकाऱ्याने खाल्लं म्हणजे वस्तीचं नुकसान झालं, असं सहज वाटतं. रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या मकॉ बे इथे १९६३ पासून जे केलं त्याने या समजुतीला धक्का दिला. तिथल्या खडकावर पिझास्टर नावाचा जांभळा-केशरी तारामासा शिंपल्यांवर जगतो. पेन यांनी खडकाचा एक तुकडा ठरवला आणि तिथले तारामासे उचकटून समुद्रात लांब फेकायला सुरुवात केली. शेजारचा तुकडा तसाच ठेवला. तारामासे नसलेल्या तुकड्यात शिंपले खाली पसरत गेले आणि बाकीच्यांना जागाच उरेना. १९६६ च्या लेखात त्यांनी नोंदवलं की १५ जातींच्या जागी ८ उरल्या. शिकारी गेल्यावर वस्ती वाढली नाही, एकट्या शिंपल्याचं राज्य झालं. संख्येने कमी असून सगळ्यांचा तोल सांभाळणाऱ्या अशा प्राण्याला १९६९ मध्ये त्यांनी ‘कीस्टोन’ म्हटलं, आणि तो शब्द पुढे जंगलांपासून नद्यांपर्यंत सगळीकडे वापरात आला.

मात्र प्रत्येक किनाऱ्यावर असा एकच सूत्रधार असेल असं धरून चालू नये. पनामातल्या ताबोगिया बेटावर ब्रूस मेंज आणि जेन लुबचेंको यांनी काम केलं, तेव्हा तिथे मासे, खेकडे, शिकारी गोगलगाई आणि शेवाळ खरवडणारे प्राणी अशा सगळ्यांनी मिळून खडक ताब्यात ठेवल्याचं दिसलं. उष्ण कटिबंधातला खडक थंड देशांतल्यासारखा शेवाळाच्या लांब झिपऱ्यांनी झाकलेला दिसत नाही, याचं एक कारण हे खाणारे, आणि दुसरं अर्थात ऊन. आपला कोकणी कातळ उघडाबोडका वाटतो तेव्हा हे आठवावं. शेवाळ उगवत नसतं असं नाही, उगवताच खाल्लं जातं.

खाणाऱ्यांमध्ये मला सगळ्यात जास्त आदर लिम्पेटबद्दल वाटतो. हाही गोगलगाईंच्याच गोतातला, पण कवच पिळाचं नसून बसक्या टोपीसारखं. बऱ्याच जातींच्या लिम्पेटची खडकावर एक ठरलेली जागा असते. कवचाची कड त्या जागेच्या उंचसखलपणाला अशी घासून बसते की फट राहत नाही आणि आतलं पाणी सुकत नाही. भरतीला किंवा रात्री तो चरायला निघतो आणि स्वतःच्याच स्रावाचा माग काढत नेमक्या त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून परत बसतो. दगड खरवडणारे त्याचे दात गोएथाइट या लोहखनिजाच्या तंतूंनी भरलेले असतात. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा सजीवांनी बनवलेल्या तोवर माहीत असलेल्या पदार्थांत हा सगळ्यात बळकट ठरला.

लिम्पेट नसला तर काय होतं, हे एका दुर्घटनेने दाखवून दिलं. मार्च १९६७ मध्ये टॉरी कॅनियन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आपटलं आणि लाखभर टनांहून जास्त कच्चं तेल घेऊन फुटलं. तेल घालवायला किनाऱ्यावर हजारो टन रसायनं फवारली गेली. खडकावरच्या जिवांना तेलापेक्षा या रसायनांनी जास्त मारलं, आणि त्यात लिम्पेट जवळजवळ सगळे गेले. काही महिन्यांत खडक हिरवेगार झाले. बघणाऱ्याला वाटावं, किनारा सुधारला. मग तपकिरी शेवाळ माजलं, त्याने खालचे उरलेसुरले बार्नेकल गुदमरवले. त्या शेवाळाच्या आडोशाला लिम्पेटची नवी पिल्लं प्रचंड संख्येने वाढली, त्यांनी सगळं शेवाळ फस्त केलं, खडक उघडा पडला, आणि मग उपासमारीने लिम्पेटच घटले. हे हेलकावे शमून किनारा पूर्वीसारखा दिसायला दहा ते पंधरा वर्षं लागली. हिरवा खडक म्हणजे निरोगी खडक हे समीकरण तेव्हापासून मोडलं.

पट्ट्यांच्या या नियमातून थोडी सुटका देतात ती डबकी. सुकतीला पाणी धरून ठेवणाऱ्या खळग्यांमध्ये खालच्या पट्ट्यातले जीव वरच्या पातळीवरही जगतात. पण तिथेही आराम नाही. दुपारी पाणी तापतं, आटतं, खारटपणा चढतो. दिवसा शेवाळामुळे पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, रात्री तेच शेवाळ आणि सगळे प्राणी मिळून तो संपवतात. अशा डबक्यांत बोटाएवढे ठिपकेदार गोबी मासे असतात. त्यांच्या एका जातीवर लेस्टर ॲरॉन्सन यांनी बहामा बेटांमध्ये अभ्यास केला आणि १९५१ मध्ये लिहिलं की धोका वाटला की हा मासा एका डबक्यातून उडी मारून शेजारच्या डबक्यात बरोबर पडतो, जरी उडी मारण्याच्या जागेवरून ते डबकं दिसत नसलं तरी. भरतीच्या वेळी सगळं पाण्याखाली असताना तो त्या भागावरून पोहतो आणि खळगे कुठे आहेत हे लक्षात ठेवतो. त्याच वंशातले मासे आपल्या किनाऱ्यावरही आहेत.

स्कॉटलंड आणि वॉशिंग्टनमधले धडे कोकणाला लावताना एक गोष्ट मात्र आपली स्वतःची आहे, ती म्हणजे पाऊस. पावसाळ्यात चार महिने किनाऱ्याचं सगळं गणित उलटं होतं. खालच्या पट्ट्यावर लाटांचा मारा बसतो, वाळू आणि गाळ घासत जातो, धोंडे उलटतात, शेवाळ मुळासकट उपटलं जातं. सुकतीला धो धो पाऊस पडला तर खारट पाण्यात जगणाऱ्या जिवांवर गोडं पाणी कोसळतं. डबक्यात ते खाऱ्या पाण्याच्या वर तरंगतं, म्हणून ज्यांना जमतं ते तळाशी जातात आणि ज्यांना झाकण आहे ते झाकण लावून घेतात. पण वरच्या कातळासाठी हेच दिवस सुखाचे. ढगांनी ऊन झाकलेलं, दगड थंड, लाटांचे तुषार सतत. एरवी भाजून कोरड्या पडणाऱ्या या भागावर पावसाळ्यात पोर्फिरा नावाचं पातळ, जांभळट-तपकिरी शेवाळ उगवतं. ओल्या कागदासारखं दिसतं आणि बोटात बुळबुळीत लागतं. जपानी लोक भाताला गुंडाळतात ती नोरी याच गोतातल्या शेवाळाची. आमच्याकडे ते सप्टेंबरपर्यंत असतं आणि ऑक्टोबरचं ऊन लागलं की जातं. वरची हद्द ऊन ठरवतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही: चार महिने ऊन हटलं की हद्द वर सरकते, ऊन आलं की खाली येते. पुढे पावसाचा गढूळपणा निवळला की खालच्या पट्ट्यात मालवण-रत्नागिरीकडे सरगॅसमची तपकिरी झुडपं वाढतात, फुग्यांसारख्या बारीक गाठींवर तरंगत उभी राहतात. खडप बघायला थंडीचे दिवस सगळ्यात चांगले, ते यामुळेच.

अगदी खालचा पट्टा थोडाच वेळ उघडतो आणि तिथे झोअँथिड असतात. प्रवाळांचे चुलतभाऊ, पण अंगात चुन्याचा सांगाडा नाही. सुकतीला ते मिटलेले, चामड्यासारखे दिसतात, पाणी आलं की हिरव्या-तपकिरी चकत्यांचा गालिचा उघडतो. हात लावू नका. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं आणि बोटाला एखादी जखम असली तर ते महागात पडू शकतं. तसाच नक्षीदार, निमुळता कोन-शंख जिवंत सापडला तर उचलू नये. तो विषारी भाला मारतो.

याच पट्ट्यात, मुंबईतसुद्धा, खरे प्रवाळ आहेत. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर गढूळ पाण्यात तग धरलेल्या छोट्या छोट्या वसाहती आहेत हे बऱ्याच मुंबईकरांना किनारी रस्त्याच्या कामामुळेच कळलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्रवाळांना वाघाइतकंच संरक्षण आहे, म्हणून २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली १८ वसाहती काढून दुसरीकडे बसवण्यात आल्या. प्रवाळ हलवले हे चांगलंच झालं. पण वर सांगितलेली कालवं, लिम्पेट, झोअँथिड आणि त्यांच्या मधल्या खाचा यांना कुठलीही अनुसूची नाही, आणि भराव पडला तेव्हा ते जागच्या जागी गाडले गेले याचं मला मनापासून दुःख आहे. त्यांच्या जागी काँक्रीटची भिंत आली तर तिच्यावर बार्नेकल येतात, थोडी कालवंही येतात. पण उभ्या, गुळगुळीत भिंतीला डबकी नसतात, भेगा नसतात, सावलीची बाजू नसते. उतरत्या खडकावर जो पट्टा दहा मीटर पसरतो तो भिंतीवर एका मीटरमध्ये चिरडला जातो. सिडनीमध्ये २०१८ पासून समुद्रभिंतींवर खाचाखोचांचे, पाणी धरणारे साचेबद्ध फलक बसवले जात आहेत, ते हीच उणीव थोडी भरून काढायला. आपल्याकडे इतक्या धूपप्रतिबंधक भिंती बांधल्या जातात, त्यांच्या आराखड्यात हा एक विचार घालणं अवघड नाही.

खडपात जायचं असेल तर पूर्ण सुकतीच्या तासभर आधी उतरा आणि पाण्यामागे खाली खाली जा, म्हणजे पाणी फिरल्यावर परतायला वेळ राहतो. पाठ समुद्राकडे करू नका. जाड तळाचे बूट घाला, शेवाळावरून न चालता कोरड्या कातळावरून चाला. हाताने उचलण्याजोगा एखादा दगड उलटून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि बघण्यासारखं तिथे खरंच पुष्कळ असतं: स्पंजाचे केशरी डाग, बारीक चपटे खेकडे, तारामाशांचे नातलग असलेले ठिसूळ तारे, कवचाच्या आठ पट्ट्यांचा कायटन. हे सगळे सावलीतले. दगडाच्या वरच्या बाजूचं शेवाळ उजेडावर जगतं. दगड उलटा ठेवून पुढे गेलात तर तासाभरात खालचे भाजतात आणि दिवसांत वरचे कुजतात. म्हणून बघून झालं की तो दोन्ही हातांनी, आधी होता त्याच बाजूने, त्याच खळग्यात हळूच परत ठेवा.